दुधाच्या दाताला बाजारभाव नसतो

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकी वर्तमानपत्रांत आणि सकाळच्या टीव्ही कार्यक्रमांत दाताचा भाव जाहीर होतो. मुलाचा दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवायचा, रात्री टूथ फेअरी येऊन तो घेऊन जाते आणि बदल्यात पैसे ठेवते, ही तिकडची घरोघरची रीत. या परीनं वर्षभरात एका दातामागे सरासरी किती डॉलर ठेवले, याची ती बातमी असते. 2023 साली हा आकडा 6 डॉलर 23 सेंटवर गेला. 2024 साली तो 5.84वर आला, 2025 साली 5.01वर. परी उदार झाली किंवा तिनं हात आखडता घेतला, अशा अर्थाचे मथळे येतात, सोबत एखाद्या दात पडलेल्या मुलाचा हसरा फोटो असतो.

विषय गोड असल्यामुळे या बातमीची उलटतपासणी सहसा कुणी करत नाही. ती करायला हवी, कारण वाचणारे हा आकडा गंमत म्हणून वाचून सोडून देत नाहीत. देशातला चालू भाव म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. त्यावरून अर्थव्यवस्थेची नाडी कळते, असंही सांगितलं जातं. आणि रात्री मुलाच्या उशीखाली किती ठेवायचे, हे ठरवताना आईवडील त्याचा आधार घेतात. यातली पहिली समजूत चुकीची आहे, दुसरी आकड्यांवर टिकत नाही आणि तिसरीचा भुर्दंड मुलांना पडतो.

हा आकडा येतो कुठून? डेल्टा डेंटल हा अमेरिकेतला दंतविमा कंपन्यांचा मोठा समूह. 1998पासून तो हे सर्वेक्षण करतो. त्या पहिल्या वर्षी सरासरी होती 1 डॉलर 30 सेंट. अलीकडच्या फेऱ्यांत 6 ते 12 वर्षांच्या मुलांच्या सुमारे 1,000 पालकांना प्रश्न विचारले जातात. या समूहातल्या बहुतेक कंपन्या ना-नफा तत्त्वावर चालतात, मुलांच्या दातांसाठी चांगली कामंही करतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण दंतविम्याचं नाव वर्षातून एकदा फुकटात घराघरांत पोचवणं, हे या सर्वेक्षणाचं काम आहे आणि ते काम ते चोख करतं. महागाईचा निर्देशांक मोजणाऱ्या सरकारी खात्याचा या भावाशी काहीही संबंध नाही. मधली काही वर्षं व्हिसा ही कार्ड कंपनीही स्वतःचं वेगळं सर्वेक्षण काढत असे. एकीला विमा विकायचा, दुसरीला पैशाच्या व्यवहारात आपलं नाव हवं. जाहिरातीत गैर काही नाही. गैर आहे ते जाहिरातीला जनगणनेचा मान देणं.

दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवली की त्यांची पत कळते. 2014 सालचा व्हिसाचा आकडा होता 3 डॉलर 40 सेंट, म्हणजे आदल्या वर्षीच्या 3.70पेक्षा 8 टक्के कमी. त्याच 2014 सालासाठी डेल्टा डेंटलचा आकडा आला 4 डॉलर 36 सेंट, आदल्या वर्षीच्या 3.50पेक्षा जवळजवळ 25 टक्के जास्त. देश तोच, वर्ष तेच, परीही तीच. एकाच्या मते तिनं हात आखडला, दुसऱ्याच्या मते सैल सोडला. फरक थोडाथोडका नाही, दाताला जवळपास एक डॉलरचा आहे. ज्या मोजमापाला भाव चढला की उतरला एवढंही धड सांगता येत नाही, त्यावरून कुणी घरचं बजेट ठरवू नये.

अर्थव्यवस्थेच्या नाडीची गोष्ट तर आणखी पोकळ. परीची देणगी आणि शेअर बाजाराचा एस अँड पी 500 हा निर्देशांक सहसा एकाच दिशेनं चालतात, असं डेल्टा डेंटलच्या पत्रकांत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि बातमीदारांनी ते जसंच्या तसं उतरवलं. आता अलीकडची तीन वर्षं पाहा. 2022 साली एस अँड पी 500 सुमारे 19 टक्के कोसळला. पाठोपाठ 2023च्या सुरुवातीला आलेला दाताचा भाव मात्र 5.36वरून 6.23वर, म्हणजे 16 टक्क्यांनी चढला. 2023 साली बाजार 24 टक्के वर गेला, दात 6 टक्के उतरला. 2024 साली बाजार पुन्हा 23 टक्के वर, दात आणखी 14 टक्के खाली. सलग तीन वर्षं दोघं एकमेकांकडे पाठ करून चालले. दोन आकडे वीसेक वर्षं वाढत राहिले, तर त्यांच्या रेषा एकमेकींसारख्या दिसणारच. त्या काळात घरभाडं वाढलं, कॉलेजची फी वाढली. त्यांच्याही रेषा दाताच्या रेषेशी जुळवून दाखवता येतील.

आता सरासरीकडे वळू. दहा मुलांपैकी नऊ जणांना 2 डॉलर आणि एकाला 20 डॉलर मिळाले, तर सरासरी येते 3 डॉलर 80 सेंट. दहातल्या एकाही मुलाला ही रक्कम मिळालेली नसते. नऊ जणांना तिच्या जवळपास निम्मीच मिळालेली असते. तरी मथळ्यात 3.80 छापलं जातं आणि नऊ घरांतल्या आईबापांना आपण कंजूष ठरलो असं वाटू लागतं. हे नुसतं कल्पनेतलं गणित नाही. 2012 सालासाठी डेल्टा डेंटलनं 2 डॉलर 42 सेंट सरासरी जाहीर केली, तेव्हा उशीखाली सर्वाधिक वेळा ठेवली गेलेली रक्कम 1 डॉलर होती. ही माहिती त्याच पत्रकात होती. पण गाजला तो 2.42चा आकडा.

वाचकानं हे लक्षात घ्यावं की अशा सर्वेक्षणाचा परिणाम त्याच्या पुढच्याच फेरीवर होतो. या वर्षी पाच डॉलर छापून आले, ते वाचून काही पालकांनी एकाऐवजी पाच ठेवले, पुढच्या वर्षी त्यांनीच सर्वेक्षणाला पाच सांगितले. मोजणाराच मोजमापाला वर ढकलतो. यातून सगळी वाढ झाली असा दावा नाही, पण हातभार लागत असेल हे नाकारणं कठीण आहे.

परी आणि पैसा यांचं नातं पूर्वीपासून असंच होतं, हेही खरं नाही. टूथ फेअरीचा छापील उल्लेख सापडतो तो 1908च्या सप्टेंबरमध्ये, शिकागो ट्रिब्यूनच्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात. लिलियन ब्राउन या वाचक बाईंनी आयांना एक युक्ती सुचवली होती: हलणारा दात काढू न देणारं हट्टी मूल परीच्या गोष्टीनं तयार होतं, तेव्हा पाच सेंटच्या काउंटरवरून काही किरकोळ वस्तू आणून ठेवाव्यात आणि दात उशीखाली आला की त्यातली एक तिथे ठेवावी. रोकड नव्हे, छोटी वस्तू. आणि तीही दुकानातल्या स्वस्त काउंटरवरची. मुलाच्या भीतीवरचा उतारा एवढाच तिचा हेतू. शेजारच्या मुलाला काय मिळालं याचा त्या सल्ल्यात विचारही नाही.

पुढे डॉलर-सेंट आले आणि त्यांचा पहिला मन लावून केलेला अभ्यास रोझमेरी वेल्स यांनी केला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी 1970च्या दशकात परीचा शोध घ्यायला सुरुवात केली, पालकांना प्रश्नावल्या पाठवल्या, 1900 ते 1980 या काळातला दाताचा दर जमवला आणि तो ग्राहक किंमत निर्देशांकाशी ताडून पाहिला. परी महागाईच्या बरोबरीनं चालली, असं त्यांना दिसलं. 1993 साली त्यांनी इलिनॉयमधल्या डिअरफील्ड गावी राहत्या घरातच टूथ फेअरी संग्रहालय उघडलं. 2000 साली त्या गेल्या आणि ते बंद पडलं. त्यांना कुठलीही पॉलिसी विकायची नव्हती. म्हणूनच त्यांचा निष्कर्ष इथे मोलाचा आहे: ऐंशी वर्षं परी महागाईच्या पुढे पळाली नव्हती.

1998नंतर ती पळाली. त्या वर्षीच्या 1 डॉलर 30 सेंटला महागाईची जोड दिली, तर 2023 साली अडीच डॉलरच्या आतच रक्कम येते. सर्वेक्षण सांगतं 6.23. हाच हिशेब मजुरीत मांडला की जास्त बोचतो. 1998 साली अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला 5 डॉलर 15 सेंट होतं. म्हणजे किमान वेतनावरच्या बापाला एका दातासाठी सुमारे 15 मिनिटं राबावं लागे. 2009पासून हे वेतन 7 डॉलर 25 सेंटवर अडलेलं आहे. 2023च्या भावानं त्याच बापाची जवळपास 52 मिनिटं एका दातावर जातात. मुलाला दुधाचे दात 20. विसांचे मिळून झाले 124 डॉलर 60 सेंट. घरात तीन मुलं असतील तर विचारायलाच नको.

मग हा भाव फुगला कशानं? उदारपणा वाढला असेल, स्पर्धाही वाढली असेल. पण एक साधं कारण बातम्यांत सहसा येत नाही: घरात सुटे पैसे राहिले नाहीत. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार 2016 साली लोकांच्या एकूण व्यवहारांपैकी 31 टक्के रोखीनं होत. 2023 साली हे प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. दात पडतो रात्रीच्या जेवणात किंवा झोपायच्या आधी दात घासताना. मूल झोपल्यावर आई पर्स उलटी करते, बाप कोटाचे खिसे आणि गाडीतला कप्पा धुंडाळतो. एक डॉलरचं नाणं तिकडे नावालाच चलनात आहे, दोनची नोट क्वचित दिसते आणि एटीएममधून निघते ती बहुधा विसाची. शेवटी हाताला लागते ती पाचाची किंवा विसाची नोट, आणि घडी घालून तीच उशीखाली जाते. हा अनुमानाचा भाग आहे, पण ज्यांच्या घरी दात पडले आहेत त्यांना तो पटायला वेळ लागणार नाही. अशा रात्री ठेवलेली विसाची नोट म्हणजे खिशात दुसरं काही नव्हतं, एवढाच तिचा अर्थ. सर्वेक्षणात ती औदार्य म्हणून नोंदली जाते.

खरं नुकसान होतं ते दुसऱ्या दिवशी, वर्गात. आईवडिलांनी दिलेल्या भेटीत फरक असला तर मुलाला तो समजावून सांगता येतो: त्यांच्या घरी तसं करतात, आपल्या घरी असं. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं. पण परी सगळ्यांची एकच, असं मोठ्यांनीच तर सांगितलेलं असतं. तिच्याकडे घरभाड्याची अडचण नसते, बापाची नोकरी गेलेली नसते. मग तिनं शेजारच्या बाकावरच्या मुलाला वीस डॉलर आणि आपल्याला एकच का दिला? मुलापाशी याचं एकच उत्तर उरतं: माझ्यातच काहीतरी कमी असणार. माझा दात चांगला नव्हता, किंवा मी चांगली नव्हते. गरिबीचं दुःख मुलाला आज ना उद्या कळतंच. पण ते कुणा अद्भुत, न्यायी, सर्वांवर सारखी माया करणाऱ्या परीच्या हातून त्याच्या पदरात टाकायची काही गरज आहे का?

आणि हा भेद नुसता योगायोगानं होतो असंही नाही, त्याला यंत्राची मदतही मिळाली. 2013 साली व्हिसानं पालकांसाठी एक मोफत अ‍ॅप काढलं होतं. वय, शिक्षण, राज्य, वैवाहिक स्थिती, घराचं उत्पन्न अशी माहिती त्यात भरायची. मग तुमच्यासारखे पालक दाताला किती देतात ते अ‍ॅप सांगे. म्हणजे कमी शिकलेल्या, कमी कमावत्या घरातल्या मुलाच्या दाताचा भाव वेगळा, डॉक्टर-वकिलाच्या मुलाचा वेगळा. बनवणाऱ्यांना त्यात पालकांची सोय दिसली असेल. पण परीला मुलाच्या बापाचा पगार विचारायला लावणं, याहून या गोष्टीचा मोठा विपर्यास सापडणार नाही.

स्पेनमधली गोष्ट इथे आठवते. तिकडे दात न्यायला परी येत नाही, उंदीर येतो, त्याचं नाव पेरेस. आठ वर्षांच्या राजा आल्फोन्सो तेराव्याचा दात पडला म्हणून 1894च्या सुमारास लुइस कोलोमा या जेझुइट पाद्र्यानं ही कथा लिहिली. त्या कथेत उंदीर बालराजाला उंदराचं रूप देऊन आपल्याबरोबर नेतो आणि एका दरिद्री मुलाचं घर दाखवतो. आपल्या राज्यातली मुलं कशी राहतात ते राजा पहिल्यांदा पाहतो आणि ती सगळी आपली भावंडं आहेत, हे त्याला समजतं. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर 8 क्रमांकाच्या इमारतीवर या उंदराच्या नावाची पाटी आजही आहे. राजवाड्यासाठी लिहिलेल्या कथेलाही गरीब मुलाच्या उशीची आठवण राहिली होती. आजच्या पत्रकांना राहत नाही.

मोठ्या रकमेच्या बाजूनं दोन युक्तिवाद हमखास येतात. एक, यातून मुलांना पैशाचा व्यवहार कळतो. कशाचा व्यवहार? दात आपोआप पडतो. त्यात श्रम नाहीत, वाट पाहणं नाही, निवड नाही. आपोआप घडलेल्या गोष्टीचे पाच डॉलर मिळतात, एवढंच मूल शिकतं. बचत शिकवायची तर आठवड्याच्या खाऊच्या पैशांतून जास्त चांगली शिकवता येते. दुसरा युक्तिवाद दंतवैद्यांच्या बाजूनं येतो: स्वच्छ दाताला जास्त पैसे ठेवा, म्हणजे मुलं दात घासतील. हा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण दात किडतो त्याची कारणं बव्हंशी घरच्या परिस्थितीत असतात: खाणं काय, पाण्यात फ्लोराइड आहे का, डॉक्टर परवडतो का. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या माहितीनुसार 6 ते 8 वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचा किमान एक दुधाचा दात कधी ना कधी किडलेला असतो, आणि गरीब घरांत उपचाराविना राहिलेल्या किडीचं प्रमाण जास्त. किडक्या दाताला कमी पैसे म्हणजे दुखणंही त्याचंच आणि दंडही त्यालाच.

फेब्रुवारी हा अमेरिकेत मुलांच्या दंतआरोग्याचा महिना म्हणून पाळला जातो. 2007च्या फेब्रुवारीत मेरीलँडमध्ये 12 वर्षांचा एक मुलगा दाताच्या गळवाचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचून दगावला. तो दात काढायला सुमारे 80 डॉलर लागले असते. घरच्यांचा सरकारी विमा खंडित झाला होता. त्या मृत्यूनंतर मेरीलँडला गरीब मुलांच्या दंतसेवेची व्यवस्था सुधारावी लागली. या महिन्यात दातांबद्दल एकच आकडा छापायचा असेल, तर कोणता छापावा हे संपादकांना सांगावं लागू नये.

पैसे ठेवूच नयेत, असं मात्र अजिबात नाही. मानववंशशास्त्रज्ञ सिंडी डेल क्लार्क यांनी मुलांशी आणि आयांशी बोलून 1995 साली या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्यांना दिसलं ते असं: मुलांना ते नाणं मोठं झाल्याची खूण वाटतं. पैसा ही मोठ्यांची वस्तू, ती आता आपल्याही हातात आली, याचा त्यांना आनंद असतो. आयांना मात्र दात पडताना बाळपण सरत असल्याची हुरहुर लागते. म्हणजे नाण्याला अर्थ आहे, आणि तो खोल आहे. पण मोठं झाल्याची खूण एका नाण्यानंही पटते. त्यासाठी वीस डॉलर लागत नाहीत. पेपा पिग या मुलांच्या कार्टून कार्यक्रमातल्या दाताच्या गोष्टीतही परी पेपाला एक चकचकीत नाणं देते, आणि पेपा त्यावर पूर्ण खूश असते.

हा कार्यक्रम पुण्या-मुंबईची मुलंही पाहतात, त्यामुळे टूथ फेअरी इकडच्या काही घरांतही येऊ लागली आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत तर ती शाळेच्या वाटेनं केव्हाच आली. तिथे मुलाचा दात पडला की भारतातून आलेली आजी त्याला वेगळंच काही सांगते: दात कौलावर फेकायचा, किंवा उंदराच्या बिळाशी ठेवून त्याच्याकडे त्याच्यासारखा दात मागायचा. काही घरांत तो शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकत. उंदराचे दात पक्के, कुरतडण्यात तरबेज, म्हणून मागणी त्याच्याकडे. या देवघेवीत श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाला एकच मिळायचं, ते म्हणजे दाताच्या बदल्यात दात. आजीची रीत थोर आणि परकी परी खोटी, असं इथे म्हणायचं नाही. मुलाला दोन्ही हव्या असतील तर दोन्ही कराव्यात. पण आपल्याकडे कुणालाही दाताचा भाव विचारण्याची सवय नव्हती, ती आता आयात करू नये. मराठी वृत्तपत्रांनी तर ती फेब्रुवारीतली बातमी भाषांतर करून छापण्याआधी दोनदा विचार करावा.

पालकांना करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च नाही. घराला झेपेल ती छोटी रक्कम पहिल्या दातालाच ठरवावी आणि विसाव्या दातापर्यंत तीच ठेवावी. थोरल्याला आणि धाकटीला सारखीच. पुरेसे सुटे एका डबीत आधीच काढून ठेवावेत, म्हणजे रात्री अकराला विसाची नोट ठेवायची वेळ येणार नाही. ज्यांची ऐपत मोठी आहे त्यांच्यावर जबाबदारीही मोठी: जास्त द्यायचं असेल तर ते वाढदिवसाला स्वतःच्या नावानं द्यावं, परीच्या नावानं नको. वर्गशिक्षिकेनं पालकसभेत हा विषय पाच मिनिटं काढला आणि सगळ्यांनी मिळून एक नाणं ठरवलं, तर वर्गातलं एकही मूल उणं ठरणार नाही. ही विनंती मोठी नाही. पुढचा दात हलू लागण्याआधी ती मनावर घ्यावी.